गोष्ट तू सांग, विचार आमच्यावर सोड

फ्रेडरिक डग्लसच्या पहिल्या पुस्तकाचं नाव लांबलचक आहे, त्या काळात तशीच असायची, पण त्यातले शेवटचे शब्द बघा. फ्रेडरिक डग्लसच्या आयुष्याची हकीकत, एक अमेरिकन गुलाम, खुद्द त्यानेच लिहिलेली. आता मला सांगा, आत्मचरित्र म्हटल्यावर ते ज्याचं त्यानेच लिहिलेलं असणार ना? मग ते कव्हरवर वेगळं छापायची वेळ का यावी? आणि एवढं छापूनही भागलं नाही. १८४५ साली बॉस्टनच्या अँटी-स्लेव्हरी ऑफिसने, म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीच्या कचेरीने, पुस्तक काढलं तेव्हा डग्लसचं पहिलं वाक्य यायच्या आधी दोन गोरे सद्गृहस्थ बोलून घेतात. आधी या चळवळीचा पुढारी विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना, मग त्याच चळवळीतल्या वेंडेल फिलिप्सचं पत्र. दोघांचा सूर एकच, की आम्ही याला ओळखतो, हा खरा माणूस आहे, यावर विश्वास ठेवा. सरकारी दाखल्यासाठी दोन ओळखीच्या प्रतिष्ठितांच्या सह्या आणा म्हणतात ना, तसलं काहीतरी.

या पुस्तकाबद्दल कुणाशीही बोला, लोक म्हणतात काय छळ सोसला हो त्या माणसाने, काय जिद्द. खरंच आहे ते, त्याबद्दल वाद नाही. पण मला वाटतं डग्लसची अर्धी लढाई मालकांशी होती आणि उरलेली अर्धी आपल्याच बाजूच्या भल्या माणसांशी, आणि ही दुसरी लढाई आपण वाचताना गाळतो, कारण ती आपल्या अंगाशी येते. वाचणारे आपण बहुतेक वेळा त्या भल्या माणसांच्याच रांगेत बसलेले असतो.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. मेरीलँडमधल्या टॅलबट काउंटीत १८१८ च्या सुमाराला जन्म, नाव फ्रेडरिक बेली. जन्मतारीख माहीत नाही. पुस्तकाची सुरुवातच तिथून आहे, घोड्याला जेवढं स्वतःचं वय माहीत असतं तेवढंच गुलामाला असतं म्हणतो. आई बारा मैलांवर दुसऱ्याच्या शेतात कामाला, ती दिवसभर राबून रात्री चालत यायची, पोराला कुशीत घेऊन झोपवायची आणि त्याला जाग यायच्या आत परत गेलेली असायची, असं आयुष्यात चारपाच वेळा झालं, मग ती गेलीच. पोरांना उकडलेल्या मक्याच्या पिठाची लापशी लाकडी डोणीत ओतून द्यायचे, डुकरांना देतात तशी, आणि पोरं शिंपल्याने नाहीतर हाताने ओरपायची, ज्याचा हात चालेल त्याचं पोट भरेल. अंगावर एक सदरा, बाकी काही नाही. थंडीत तो धान्याच्या रिकाम्या पोत्यात डोकं घालून झोपायचा आणि पाय बाहेर. पुढे तो लिहितो की थंडीने माझे पाय इतके फुटायचे की आत्ता ज्या पेनाने मी हे लिहितोय ते पेन त्या भेगांत मावेल.

या एका वाक्यावर मी प्रत्येक वेळी अडतो. बाकीचा छळ आपण वाचतो तेव्हा आपल्यासमोर फक्त ते पोरगं असतं, बिचारं. इथे पेन आलं की लिहिणारा माणूस टेबलाशी बसलेला दिसतो आणि स्वतःच्या जखमेचं माप तो स्वतःच्याच हत्याराने घेताना दिसतो. पोराची दया करायला तो तुम्हाला बोलवतच नाही, माप बघा म्हणतो.

वाचायला तो कसा शिकला ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. बाल्टिमोरला ह्यू ऑल्डच्या घरी पाठवला, मालकीणबाई सोफिया साधी होती, तिने एबीसी शिकवायला घेतली. नवऱ्याला कळलं तेव्हा तो तिच्यावर उखडला, म्हणाला याला वाचायला शिकवलंस तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, आणि त्याचा त्यालाही त्रासच होईल. बाजूला उभ्या असलेल्या पोराने हे ऐकलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख झालं, की अच्छा, म्हणजे यांची सगळी ताकद इथे आहे तर. मालकाने फुकटात दिलेलं ते पहिलं लेक्चर. मग गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना घरातला पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकायची, गोदीत सुतार लाकडांवर खुणेची अक्षरं लिहायचे ती बघून गिरवायची, मालकाच्या पोराच्या जुन्या वह्यांत ओळींमधल्या रिकाम्या जागेत लिहायचं, अशी सगळी चोरटी शाळा.

पण त्याच्या हाताला लागलेलं पहिलं महत्त्वाचं पुस्तक कुठलं हे फारसं कुणी सांगत नाही. 'द कोलंबियन ओरेटर', म्हणजे शाळेच्या पोरांसाठी भाषणांचा आणि संवादांचा संग्रह, पन्नास सेंटला घेतला, वय बाराच्या आसपास. त्यात एक संवाद आहे मालक आणि गुलामाचा. गुलाम तिसऱ्यांदा पळून गेलाय, पकडून आणलाय, आणि मालक त्याला जाब विचारतो. गुलाम एकेक मुद्दा खोडत जातो आणि शेवटी मालक त्याला सोडून देतो. वादात हरून! हे असं खऱ्या आयुष्यात होत नसतं हे त्या पोरालाही कळत असणार, पण तो ते पुनःपुन्हा वाचत राहिला. गुलाम मुद्देसूद बोलतोय आणि मालकाला उत्तर सुचत नाहीये, हे चित्र त्याने आधी कागदावर बघितलं आणि मग आयुष्यभर स्टेजवर खरं करत राहिला. हा माणूस मुळात वाद घालणारा होता हो. वेदना ही त्याची माहिती होती आणि वाद हा त्याचा धंदा.

आता पुढचं बघा. ३ सप्टेंबर १८३८ ला तो खलाशाचा वेष आणि उसने कागद घेऊन बाल्टिमोरहून निसटला, न्यूयॉर्कला पोचला, जिने त्याला मदत केली त्या अ‍ॅना मरेशी लग्न केलं, न्यू बेडफर्डला जाऊन डग्लस हे नाव घेतलं आणि गोदीत पडेल ती हमाली केली. १८४१ च्या ऑगस्टमध्ये नॅनटकेट बेटावर गुलामगिरीविरोधी सभा होती, तिथे तो उभा राहिला, बोलला, आणि गॅरिसनच्या लोकांनी त्याला लगेच पगारी वक्ता म्हणून घेतलं. इथपर्यंत सगळं छान. मग दौरे सुरू झाले. अध्यक्ष ओळख करून द्यायचे की ही एक वस्तू आहे, दक्षिणेतल्या मालकाची मालमत्ता आहे, आणि ही वस्तू बोलू शकते. उपरोधाने म्हणायचे हे मान्य, पण रोज संध्याकाळी नव्या गावात तेच ऐकायचं म्हणजे काय होत असेल विचार करा. सुरुवातीला त्याने आपली गोष्ट सांगितली. मग तीच परत सांगितली. मग त्याला कंटाळा आला, कारण तो दरम्यान वाचत होता, विचार करत होता, आणि त्याला नुसते अन्याय सांगायचे नव्हते, त्यावर तुटून पडायचं होतं. तेव्हा त्याच्यासोबत फिरणारा जॉन कॉलिन्स त्याला म्हणाला, तू आम्हाला फॅक्ट्स दे, फिलॉसॉफीचं आम्ही बघतो.

हे वाक्य वाचून मी खरंच पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आणि त्यात भर म्हणजे त्याला सल्ला काय, की तुझ्या बोलण्यात थोडी मळ्यावरच्या गुलामांची बोली राहू दे, फार शिकलेला दिसू नकोस, नाहीतर तू कधी गुलाम होतास यावर लोकांचा विश्वास बसणार नाही. बरं, हे सांगणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी जे सांगितलं ते व्यवहारात खरंही होतं, लोक कुजबुजायला लागलेच होते की हा कसला गुलाम, याच्यासारखं इंग्रजी आम्हाला येत नाही, आणि हा ना मालकाचं नाव सांगतो ना गावाचं. त्या संशयावर उत्तर म्हणून तर १८४५ चं पुस्तक आलं. त्याने नावं घातली, गावं घातली, कुणी कुणाला कसं मारलं ते घातलं. कायद्याने तो अजून ऑल्ड कुटुंबाची मालमत्ता होता, म्हणजे हे पुस्तक म्हणजे स्वतःचा पत्ता स्वतःच छापणं झालं, आणि त्या भीतीने त्याला लगेच आयर्लंड आणि ब्रिटनला जावं लागलं, जवळपास दोन वर्षं.

पण गंमत अशी की फॅक्ट्स द्या म्हणून मागवलेल्या त्या पुस्तकात त्याने फिलॉसॉफी घुसवलीच. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत गुलामांना सुट्टी असायची. आता साधा माणूस म्हणेल चला, मालकाला तेवढी तरी माणुसकी. डग्लस म्हणतो थांबा. या सुट्टीत मालक स्वतः दारू पाजतात, कोण जास्त व्हिस्की पितो यावर पैजा लावतात, जो पिणार नाही त्याला नावं ठेवतात. कशासाठी? तर आठवडाभर झिंगून लोळून गुलामाला स्वातंत्र्याचीच शिसारी यावी, त्याला वाटावं दारूचा गुलाम होण्यापेक्षा माणसाचा झालेला बरा, आणि तो मुकाट्याने शेतावर परत जावा. एका गुलामाने काकवी चोरली तर त्याला ओ येईपर्यंत काकवीच खायला घालायची, त्याच पद्धतीतलं. सुट्टी नसती तर उठाव झाले असते, हा वाफ सोडायचा व्हॉल्व्ह आहे, असं तो सरळ लिहितो. तसंच गाण्यांचं. उत्तरेतले लोक म्हणायचे गुलाम गातात म्हणजे सुखात आहेत. तो म्हणतो, अहो, आम्ही सगळ्यात जास्त गायचो ते सगळ्यात दुःखात असताना. आता मला सांगा ही फॅक्ट की फिलॉसॉफी? ज्याने ती सुट्टी भोगली त्यालाच तिचं गणित सुटलं, बॉस्टनमध्ये बसून कुणालाही ते सुटलं नसतं.

आणि एक फॅक्ट त्याने दिलीच नाही. मी पळालो कसा, ते सांगणार नाही. का, तर मालकांना रस्ता कळेल आणि मागून येणाऱ्यांचं दार बंद होईल. उलट जे लोक पळवून नेण्याच्या कामाचा गाजावाजा करतात त्यांना त्याने याच पुस्तकात झापलंय. वाचकाला सगळ्यात जास्त काय हवं असतं, तर पळून जायचा थरार, आणि नेमका तोच त्याने दाबून ठेवला, सविस्तर पुस्तकात आला तो १८८१ ला, गुलामगिरी संपून सोळा वर्षं झाल्यावर. माझ्या मते ही त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी विचाराची जागा आहे.

पुस्तक तुफान खपलं, चार महिन्यांत पाच हजार प्रती. मग ए. सी. सी. थॉम्सन नावाच्या एका गोऱ्या माणसाने पेपरात लिहिलं की हे धादांत खोटं आहे, मी तिथला आहे, या मालकांना ओळखतो, सगळी सभ्य माणसं, आणि त्या फ्रेडरिकलाही ओळखतो, तो एक साधा अडाणी गुलाम होता, तो असं पुस्तक लिहूच शकत नाही. डग्लस तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. त्याने उत्तर काय दिलं, तर थॉम्सनसाहेब, आपले फार आभार! मी गुलाम होतो हे लोकांना पटत नव्हतं, आपण गोरे, तिथले, आपणच सांगितलंत, काम झालं. आणि मालकांची नावं खरी आहेत हेही आपणच कबूल केलंत. हे वाचून मी एकटाच हसलो होतो बसमध्ये. कोलंबियन ओरेटरमधला गुलाम अगदी.

मध्येच जरा आपल्याकडचं सांगतो, तुलना म्हणून सांगत नाहीये, गुलामगिरी ती गुलामगिरी, उगीच सगळ्याला तो शब्द लावू नये. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाला गेलो होतो, ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर. स्टेजवर दोन प्राध्यापक, एक निवृत्त अधिकारी आणि एक ऊसतोड करणाऱ्या ताई, कोपऱ्यातल्या खुर्चीत, पदर डोक्यावरून घेतलेला. त्या उठल्या आणि थेट उचलीवर आल्या, की मुकादमाकडनं उचल किती घेतली, फिटली किती, हिशोब कोण लिहितं, आणि खाडा झाला की तो कसा धरतात. बोटं मोजत चालू होतं त्यांचं. सूत्रसंचालक हळूच वाकून माइकमध्ये म्हणाला, ताई, आकडेवारी सर सांगणारच आहेत, तुम्ही तुमचा अनुभव सांगा ना, ती फडातल्या बाळंतपणाची गोष्ट. ताई थांबल्या. एकदा सरांकडे बघितलं. आणि सांगितली बाळंतपणाची गोष्ट, काय करतील. हॉलमध्ये लोक डोळे पुसत होते, मीपण. मग सरांनी चाळीस मिनिटं घेतली आणि त्यांच्या बोलण्यात त्या उचलीच्या हिशोबाचा ह सुद्धा नव्हता. कॉलिन्सचं वाक्य मी त्यानंतर वाचलं, म्हणून ते मला एवढं लागलं.

गॅरिसनबद्दल अन्याय नको व्हायला. हा माणूस १८३१ पासून 'लिबरेटर' चालवत होता, १८३५ ला बॉस्टनमध्येच जमावाने त्याला दोराने बांधून रस्त्यावरून ओढला होता, आणि गुलामगिरी कायद्याने संपेपर्यंत पेपर बंद केला नाही. डग्लसही न्यू बेडफर्डला हमाली करत असताना तोच पेपर वाचून शहाणा झाला, हे तो स्वतः सांगतो. आणि फॅक्ट्सचा आग्रह मूर्खपणाचा होता असंही नाही. समोर कोट्यवधी डॉलरचा कापूस आणि चाळीस लाखाच्या आसपास गुलाम असलेली व्यवस्था, तिचे वकील, तिचे पाद्री, तिचे सिनेटर, ते म्हणणार आमचे गुलाम खुशीत आहेत, तर त्यांना उघडी पाठ दाखवण्याशिवाय दुसरं उत्तर तरी काय होतं. ते सगळं मान्य. माझं भांडण एवढंच आहे की पाठ दाखवणाऱ्याला तोंडपण होतं. आणि त्याने ते दुसऱ्या विषयावर उघडलं की आपली माणसं कशी वागली ते बघा.

ब्रिटनमधल्या मित्रांनी पैसे गोळा करून त्याला विकत घेऊन मोकळा केला, ७११ डॉलर ६६ सेंट, १८४६ चा डिसेंबर. चळवळीतल्याच काहींनी नाकं मुरडली की माणूस विकत घेणं म्हणजे माणूस विकता येतो हे मान्य करणं, तत्त्वाला बाधा. तत्त्व यांचं आणि मान त्याची. परत आल्यावर त्याने स्वतःचा पेपर काढायचा म्हटला तर बॉस्टनवाल्यांनी सांगितलं, पेपरची गरज नाही, तुझ्या भाषणांवर परिणाम होईल, तू लिहिण्यापेक्षा बोलायला बरा, आणि पेपर चालणार पण नाही. ऐकला नाही तो, रॉचेस्टरला गेला आणि ३ डिसेंबर १८४७ ला 'नॉर्थ स्टार'चा पहिला अंक काढला. मग खरा भडका उडाला १८५१ ला. गॅरिसनचं मत होतं की अमेरिकेची राज्यघटनाच गुलामगिरीच्या बाजूची आहे, तिला हात लावू नका, मतदान करू नका, पुढे तर त्याने जाहीर सभेत घटनेची प्रत जाळली. डग्लस आधी तेच म्हणायचा. मग त्याने अभ्यास केला, लोकांशी वाद घातले, आणि जाहीर केलं की माझं मत बदललंय, घटनेत गुलाम हा शब्दच नाही, तिचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावता येतो आणि राजकारणात उतरून लावलाच पाहिजे. यावर गॅरिसन सभेत काय म्हणाला? यात काहीतरी लबाडी आहे. म्हणजे याने विचार केला असेल ही शक्यताच नाही, कुणीतरी पढवलाय, कुणाचा तरी पैसा आहे. पुढे तर प्रकरण त्याच्या घरातल्या गोष्टींवर शिंतोडे उडवण्यापर्यंत गेलं. दहा वर्षं ज्याच्या खरेपणाची सर्टिफिकेटं दिली त्याच्यावर.

म्हणून १८५५ चं दुसरं आत्मचरित्र मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं, वाचायला जड आहे तरी. कॉलिन्सचं ते वाक्य, ती बोली ठेवण्याची सूचना, स्टेजवरची ती वस्तू म्हणून ओळख, हे सगळं या दुसऱ्या पुस्तकात आहे. पहिल्यात ते येणंच शक्य नव्हतं, प्रस्तावना कुणाची होती ते आठवा. दुसऱ्याची प्रस्तावना जेम्स मक्यून स्मिथची आहे, काळा डॉक्टर, अमेरिकेत कुठल्या कॉलेजने घेतलं नाही म्हणून ग्लासगोहून डिग्री आणलेला. दहा वर्षांत प्रस्तावनेचा रंग बदलला, आणि त्याबरोबर आतलं बोलणंही.

आता कुणी म्हणेल, भोगलं म्हणून विचार बरोबरच असतो का? नसतो. डग्लसही चुकला, भरपूर चुकला. गुलामगिरीवरून झालेल्या यादवी युद्धानंतर मताधिकाराच्या भांडणात त्याने काळ्या पुरुषांचा हक्क आधी म्हणून बायकांच्या मताधिकारवाल्या जुन्या मैत्रिणींशी फारकत घेतली, त्यात कोण किती बरोबर यावर अजून वाद चालतो. १८७४ ला मुक्त गुलामांच्या ठेवी असलेल्या बँकेचा तो अध्यक्ष झाला आणि काही महिन्यांत बँक बुडाली, डबघाईला ती आधीच आली होती, पण नाव याचं लागलं. १८७९ ला दक्षिणेतले काळे लोक अत्याचाराला कंटाळून कॅन्ससकडे निघाले तेव्हा हा म्हणाला जाऊ नका, आणि लोकांनी त्याचं ऐकलं नाही, बरोबर केलं असं मला वाटतं. पण चुकायचा हक्क हा विचार करायच्या हक्कातच येतो ना? साक्षीदार चुकला तर खोटारडा ठरतो. विचारवंत चुकला तर आपण त्याच्यावर पेपर लिहितो, सेमिनार घेतो. डग्लसला दुसरी वागणूक हवी होती आणि ती त्याला भांडून मिळवावी लागली.

बोलीच्या त्या सल्ल्याचं टोक बघायचं तर सोजर्नर ट्रूथचं भाषण. ही आधी गुलाम होती, पुढे गुलामगिरीविरोधात आणि बायकांच्या हक्कांसाठी बोलत फिरली. तिचा जन्म न्यूयॉर्कचा, लहानपणीची भाषा डच. १८५१ ला ओहायोत अ‍ॅक्रनला बायकांच्या हक्कांच्या सभेत ती बोलली, त्याचा वृत्तांत महिनाभरात पेपरात आला, तो साध्या सरळ इंग्रजीत आहे. बारा वर्षांनी फ्रान्सेस गेज या बाईंनी, त्या सभेच्या अध्यक्षा होत्या, तेच भाषण पुन्हा लिहून छापलं आणि त्यात ट्रूथ दक्षिणेतल्या मळ्यावरच्या बोलीत बोलते, 'मी बाई नाही का' हे पालुपद येतं, आणि मुलं पाचाची तेरा होतात. जगभर पाठ आहे ते हे दुसरं. पोस्टरवर छापतात, टीशर्टवर छापतात.

आपल्याकडे अमेरिकेची ही गोष्ट आली ती जोतीराव फुल्यांमुळे. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पणच केलीय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना, आणि माझे देशबांधव हा कित्ता गिरवतील अशी आशा ठेवलीय. फुल्यांबद्दल मला काय आदर आहे तो इथे सांगायची गरज नाही, पण हे अर्पण वाचताना मला दरवेळी थोडं अडखळायला होतं. सोडवणारे दिसतात, सुटणारे दिसत नाहीत. उत्तरेच्या फौजेत साधारण १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले, त्यात डग्लसची दोन मुलं होती, आणि सुरुवातीला त्यांना गोऱ्या शिपायापेक्षा कमी पगार होता, त्यासाठी डग्लस १८६३ ला थेट लिंकनला जाऊन भेटला. अर्थात फुल्यांना काय करायचं होतं तेही दिसतं, इथल्या वरच्यांना चिमटा काढायचा होता, बघा तिकडची माणसं कशी वागली आणि तुम्ही. आणि आतलं पुस्तक तर जोतीराव आणि धोंडीबाच्या सवालजवाबाचं आहे, नुसता वाद, पानापानावर.

पण त्यांच्याच शाळेतली एक पोरगी त्यांच्याआधी हे करून बसली होती. मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास, शाळेत तीनेक वर्षं झालेली. १८५५ मध्ये, डग्लसचं दुसरं पुस्तक आलं त्याच वर्षी, तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, आणि हे पत्र चालवत होते अमेरिकन मिशनरी. विषय मांग महारांचं दुःख. दुःख आहे त्यात, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही हे आहे. पण ती तिथे थांबत नाही. ती म्हणते, वेद आमचे नाहीत असं तुम्ही म्हणता ना, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित झालो, तर देवा, आमचा धर्म कोणता ते तूच कळव. चौदा वर्षांची पोरगी! प्रतिपक्षाचं वाक्य उचललं आणि त्याच्याच गळ्यात घातलं. आता तिचा निबंध भावनाप्रधान, हृदयद्रावक वगैरे म्हणून वाचून दाखवतात तेव्हा माझं डोकं फिरतं, अहो हा युक्तिवाद आहे, त्याला उत्तर द्या.

हॅरिएट जेकब्सचं सांगायचं राहिलं. नॉर्थ कॅरोलायनातली गुलाम बाई, मालकापासून वाचायला ती आजीच्या घराच्या माळ्यावर लपली, नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंचीला जास्तीत जास्त तीन फूट, उठून बसताही येत नव्हतं धड, आणि अशी जवळजवळ सात वर्षं. गिरमिटाने फळीला भोकं पाडली आणि त्यातून खाली खेळणारी स्वतःची पोरं बघायची, पोरांना पत्ता नाही आई वर आहे. पुढे उत्तरेत निसटली, न्यूयॉर्कमध्ये एका लेखकाच्या घरी मुलं सांभाळायचं काम धरलं. १८५३ ला तिची गोष्ट 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीवरच्या कादंबरीवाल्या हॅरिएट बीचर स्टोच्या कानावर पत्राने घातली तर स्टोबाईंनी काय केलं, ते पत्र खातरजमेसाठी थेट जेकब्स जिच्याकडे कामाला होती त्या बाईकडे पाठवून दिलं, ज्यात जेकब्सने घरात न सांगितलेल्या गोष्टी होत्या, आणि वर म्हणाल्या की खरं असेल तर मी माझ्या पुस्तकात वापरते. फॅक्ट्स दे, बाकीचं मी बघते. जेकब्सने ठरवलं आपणच लिहायचं. दिवसभर पोरं सांभाळायची आणि रात्री लिहायचं, वर्षानुवर्षं. प्रकाशक म्हणाले प्रस्तावना कुणा मोठ्या बाईची आणा. शेवटी लिडिया मारिया चाइल्ड या गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लेखिकेने प्रस्तावना दिली, संपादनही केलं, आणि पुस्तक १८६१ ला टोपणनावाने निघालं, कव्हरवर इथेही तेच, खुद्द तिनेच लिहिलेलं. तरी पुढे शंभर वर्षं अभ्यासक म्हणत राहिले की हे चाइल्डनेच लिहिलं असणार, कादंबरी आहे. जीन फेगन येलिन या बाईंनी जुनी पत्रं हुडकून १९८७ च्या आवृत्तीत ते जेकब्सचंच आहे हे पक्कं केलं तेव्हा कुठे ते थांबलं.

चाइल्डबाई भल्या होत्या, जेकब्सच्या बाजूने मनापासून उभ्या होत्या. पण त्यांची एक सूचना बघा. हस्तलिखितातलं शेवटचं प्रकरण जॉन ब्राउनवर होतं, तोच ज्याने १८५९ ला गुलामांचा सशस्त्र उठाव करायला हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला आणि फाशी गेला. चाइल्डने कळवलं की ते काढून टाक, पुस्तक आजीच्या मृत्यूवर संपव, ते जास्त शोभेल. ते प्रकरण गेलं. आज ते पुस्तक उघडलं तर शेवटच्या ओळीत आजीच्या आठवणी आहेत, काळ्या खवळलेल्या समुद्रावरून तरंगत जाणाऱ्या हलक्या पांढऱ्या ढगांसारख्या.